तीन वाक्यांचा संघ

आमच्या शिक्षक संघाने तेव्हा मूर्खपणा केला, असे म्हणणारी माणसे मालवणच्या बाजारात मला अजून भेटतात. मासळी घेताना भेटतात, बंदरावर भेटतात. "एका बाईच्या हट्टापायी एवढ्या लोकांच्या संसाराची धूळदाण केलीत," असे म्हणतात आणि माझ्या पिशवीत काय आहे ते बघतात. मी पिशवी उचलून पुढे निघतो. कारण त्या धुळीतला काही भाग खरोखरच माझ्या हाताने उडाला आहे, आणि त्याचा भार मी रोज वाहतो. पण मूर्खपणा मात्र तो नव्हता. तेवढे सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

मी तेव्हा तिशीत होतो आणि तालुक्यातल्या प्राथमिक शिक्षकांच्या संघाचा चिटणीस होतो. संघ काढण्यात माझा पुढाकार. स्वातंत्र्य मिळून फार वर्षे झाली नव्हती आणि घटना लिहिण्याचे वेड आम्हा सगळ्यांनाच होते. मीही संघाची घटना लिहिली. तिच्यात उद्दिष्टे होती, पानभर. शिक्षकांची सर्वांगीण उन्नती, शैक्षणिक क्षेत्रातील समस्यांचा साकल्याने विचार, राष्ट्रीय चारित्र्याची जोपासना. ती छापून घेतली, प्रत्येक शाळेत पाठवली आणि पहिली सभा बोलावली. सभेला मी होतो, अध्यक्ष होते आणि शाळेचा शिपाई होता. शिपाई झाडायला आला होता.

अध्यक्ष म्हणजे आमचे मोठे मास्तर. मुख्याध्यापक, दम्याचे, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन चालणारे. कचेरीत शुद्ध मराठी बोलत, आमच्याशी मालवणीत. त्यांनी छापील कागद दूर धरून शेवटपर्यंत वाचला आणि माझ्या हातात परत दिला.

"चांगला आसा," म्हणाले. "पण ह्यातला उद्या सकाळी उठान करूचा काय?"

मला राग आला. मी म्हटले, "हे ध्येय आहे, मास्तर. ध्येय उद्या सकाळी करायचे नसते."

"मगे उद्या सकाळी कोण येतलो तुझ्या संघात?"

पुढचा महिनाभर ते माझ्यामागे लागले. एकेक उद्दिष्ट घ्यायचे आणि विचारायचे, ह्यां कसां करतंस तां सांग. सांगता आले नाही की ते खोडायचे. शेवटी तीन वाक्ये उरली. शाळा बंद पडू द्यायची नाही. शिक्षकाला एकटे पडू द्यायचे नाही. दर महिन्याला एकाच्या शाळेत जमून त्याचा एक पाठ सगळ्यांनी बघायचा. बस. घटनेत एवढेच.

आणि ही वाक्ये कागदावर नकोत, गाऱ्हाण्यात हवीत, हा त्यांचाच आग्रह. आमच्याकडे कुठल्याही कामाच्या आधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे घालतात. एकजण मोठ्याने मागणे मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. मी विरोध केला. संघ म्हणजे देऊळ नव्हे, सभासदांत ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, असे मी म्हटले. तेव्हा आमचे एक ख्रिस्ती मास्तर, ज्यांच्या जिभेला कधी हाड नव्हते, म्हणाले, "माझी काळजी तू करू नको. माझो म्हाराजा माका ठावक आसा. तुझो म्हाराजा तपासणीक येणारो दीपोटी सायब, तेचा काय तां तू बघ."

मोठ्या मास्तरांनी गाऱ्हाण्यात कुठल्याच देवाचे नाव घेतले नाही. नुसते "बा म्हाराजा". सगळ्यांत मोठ्या आवाजातला "व्हय" ख्रिस्ती मास्तरांचा असे.

संघ वाढला तो या तीन वाक्यांवर, आणि त्यातही तिसऱ्यावर. ज्याच्या शाळेत सभा, त्याने पाठ घ्यायचा आणि मागच्या बाकावर आम्ही बसायचे. पाठ झाला की पेज, सोबत गावाने दिलेला सुका बांगडा, मग चर्चा. आडगावच्या शाळेत एकटा राबणारा मास्तर वर्षानुवर्षे कोणी आपला पाठ पाहील याची वाट बघत असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. माणसे डोंगर उतरून येऊ लागली. एकदा एका मास्तरांनी अपूर्णांक शिकवायला फणस फोडला. पाठ संपेपर्यंत अपूर्णांकही संपला होता आणि फणसही, आणि मोठे मास्तर म्हणाले होते, "पूर्णांक खंय गेलो तां विचारू नका." पगारवाढीच्या मागण्यांसाठी जिल्ह्याचे मोठे संघ होते. त्यांच्या सभेला आमची माणसे जात, सही करून परत येत. आमच्या सभेहून मात्र हाताला धरून उठवावे लागे.

आता बाईंचे.

तारकर्लीच्या पुढे खाडीच्या काठाला एक मासेमारांची वाडी होती. तिथल्या एकशिक्षकी शाळेवर वेंगुर्ल्याकडच्या एक बाई आल्या. अविवाहित, शाळेच्याच पडवीत राहणाऱ्या, तोंडाच्या फटकळ. त्यांच्या आधीच्या मास्तरांच्या काळात हजेरीपट भरलेला आणि वर्ग रिकामा असे. कारण साधे होते. ओहोटी लागली की वाडीतल्या बायका खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला उतरत, आणि पोरे त्यांच्याबरोबर. घरचे रात्रीचे कालवण त्यावर होते. ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते. एकादशीपासून अमावास्या-पौर्णिमा उलटेपर्यंत ती ऐन दुपारची येते, म्हणजे नेमकी शाळेच्या वेळेवर. बाईंनी पंचांग भिंतीला टांगले आणि शाळा पाण्याच्या वेळेवर लावली. भरतीला शाळा, ओहोटीला सुट्टी. त्या दिवसांत वर्ग पहाटे उजाडताच सुरू होई. काही महिन्यांत वर्ग भरला. मुलीसुद्धा येऊ लागल्या.

दीपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, घाटावरून नवीन बदलून आले होते. न कळवता तपासणीला जाण्याची त्यांची पद्धत होती. ते वाडीवर गेले त्रयोदशीच्या दुपारी. शाळेला कडी. बाई पडवीत वह्या तपासत बसलेल्या.

"मुले कुठे आहेत?"

"खाडीत."

"शाळेची वेळ काय आहे?"

"सरकारी अकरा ते पाच. खाडीची वेगळी."

"बाई, शाळा सरकारची आहे."

"होय साहेब. पण खाडी नाही ना."

हे उत्तर त्यांनी दिले नसते तर बरे झाले असते, असे त्या स्वतःच नंतर म्हणाल्या. साहेबांनी कागदावर लिहिले: शाळा वेळेत बंद आढळली, उपस्थिती शून्य. आणि जाताना सांगितले की अशी शाळा चालू ठेवण्यात अर्थ नाही, वाडी दुसऱ्या शाळेला जोडावी. दुसरी शाळा खाडीच्या पलीकडे होती. पोरांनी रोज होडीने जायचे आणि भरतीच्या पाण्याने परत यायचे. म्हणजे जायचेच नाही.

आम्ही ठरवले की पुढची सभा बाईंच्या शाळेत घ्यायची आणि साहेबांना पाहुणे म्हणून बोलवायचे. वर्षातून एका सभेला अधिकारी बोलावण्याचा आमचा रिवाज होताच. पाठ बघितला की माणूस विरघळेल, अशी माझी खात्री होती. तिथी मी निवडली. रविवार आणि पौर्णिमेच्या अलीकडचा दिवस, म्हणजे सकाळी पाणी भरलेले आणि दुपारी उतरलेले. हे मी मुद्दाम केले. त्यांना ओहोट दिसावी अशी माझी इच्छा होती.

साहेब सकाळी भरल्या पाण्यातून होडीने आले. वर्ग कोंबून भरला होता. बाईंनी भूगोल घेतला, चंद्र आणि भरती-ओहोटी. पोरांनी उत्तरे इतकी दिली की बाईंना प्रश्न सुचेनात. साहेब खुशीत होते. पाठानंतर मोठ्या मास्तरांनी पडवीत पान मांडून त्यावर नारळ ठेवला. सगळे उभे राहिले, साहेबही.

"बा म्हाराजा," मोठे मास्तर म्हणाले, "आज जी तुझी लेकरां हयसर जमली आसत, तेंनी शाळा राखूचा काम हातात घेतलेला आसा. ह्या वाडीची शाळा ह्या पोरांच्या येळेक उघडी रवांदे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या बायेक कोण एकटी टाकतलो नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

साहेब दोन्ही वेळा आमच्याबरोबर "व्हय महाराजा" म्हणाले. शेवटी तर हात जोडून. समजले नाही म्हणून नव्हे. त्यांना सगळे समजत होते; नोकरीची पहिली वर्षे त्यांनी कोकणातच काढली होती, त्यांची मालवणी मी ऐकली आहे. त्यांनी ते रीत म्हणून म्हटले, जसे लग्नात अक्षता टाकाव्यात. आमच्याकडे नारळासमोर दिलेल्या हुंकाराला रीत म्हणत नाहीत. त्याला शब्द म्हणतात. तिथे उभे असलेल्या प्रत्येकाने मनात धरले की काम झाले. आमची चूक झाली ती इथे, आणि ती चूक फक्त आमच्यासारखीच माणसे करू शकतात. हुंकार मिळाला म्हणून आम्ही लेखी काही मागितलेच नाही.

जेवणे होईपर्यंत पाणी उतरले. साहेबांची होडी चिखलात आडवी पडली होती. पोरे टोपल्या घेऊन आयांच्या मागे चिखलात उतरत होती. मघाशी चंद्रावर बोलणारी मुलगी कमरेएवढ्या पाण्यात वाकली होती.

"आता कधी निघता येईल?" साहेबांनी विचारले.

"काळोख पडल्यार," होडीवाला म्हणाला.

"मला संध्याकाळी मीटिंग आहे."

"सायब," ख्रिस्ती मास्तर म्हणाले, "होडयेक एक मेमो दिया."

सगळे हसले. साहेबही हसले. मग धोतर वर घेऊन मोठे मास्तर त्यांना वाळूतून चालत पोचवायला निघाले आणि वाटेत दम लागून दोनदा बसले. साहेबांनी सारे पाहिले होते. हे मी पुन्हा लिहितो, कारण ते मला अजून गिळता येत नाही. त्यांनी ओहोट पाहिली, भरलेला वर्ग पाहिला, त्यांचे स्वतःचे बूट चिखलात गेले. आणि पुढच्या आठवड्यात हुकूम आला. बाई निलंबित. शाळा बंद. इमारतीला कुलूप.

बाई माझ्या घरी आल्या. बसल्या नाहीत. "मी कोणाक काय मागूक येवक नाय," म्हणाल्या. "माझ्यासाठी कोणाच्या बदल्या होवक नयेत. तां सांगूक इलंय."

मी म्हटले, "आता ते तुमच्या हातात नाही."

मी ते मोठ्या ऐटीत म्हटले होते. अजून आठवले की कानशिले तापतात. पण खोटे म्हटले नव्हते. आमच्या घटनेत तीनच वाक्ये होती आणि त्यांतली दोन त्या हुकुमाने मोडत होती. अकरा कलमे असती तर एखाद्या कलमाच्या आडोशाला उभे राहता आले असते. निवेदन दिले असते, शिष्टमंडळ नेले असते, ठराव केला असता. तीन वाक्यांना आडोसा नव्हता. शाळा बंद पडू द्यायची नाही, एवढेच तिथे होते.

तोडगा माझा. शाळा बंद तर बंद, वर्ग चालू ठेवायचा. रापणवाल्या मासेमारांचा जाळी ठेवायचा मांगर, म्हणजे एक छपराची खोप, वाडीत होता, तो त्यांनी मोकळा करून दिला. प्रत्येक सभासदाने आळीपाळीने एक दिवस किरकोळ रजा घेऊन तिथे जायचे आणि पाण्याच्या वेळेला शिकवायचे. बाईंना शिकवायला मनाई होती, पण ज्या मास्तरांची पाळी त्यांना पोरांची नावे सांगायला मनाई नव्हती. त्या मांगराच्या दारात बसत आणि आतल्या मास्तरांच्या चुका काढत.

सभेत मी हे मांडले. एक मास्तर उठले. त्यांना लग्नाच्या मुली होत्या, बदली झाली असती तर स्थळे मोडली असती. म्हणाले, "माका ह्यातून सोडा."

मी म्हटले, "नारळासमोर तुमी व्हय म्हटलात."

ते खाली बसले आणि पाळीला गेले. त्यांची बदली पुढे झाली. मोठ्या मुलीचे ठरत आलेले मोडले, नंतर पुष्कळ उशिरा जमले. ते मला रस्त्यात ओळख देत नाहीत आणि मी ती मागत नाही. ज्या वाक्यांनी माणसे एकत्र आली त्याच वाक्यांनी मी एका माणसाला बांधले, हे मला तेव्हा कळायला हवे होते. त्यांना सोडले असते तरी मांगर चालला असता.

पण काय चालला तो मांगर. जे सभासद वर्षात एखाददुसऱ्या सभेला येत, तेसुद्धा आपली पाळी कधी म्हणून विचारत घरी येऊ लागले. काहींनी संघ सोडला, तेही लिहितो. जे राहिले ते मात्र जाळ्यांच्या वासात, उलट्या टोपल्यांवर बसलेल्या पोरांना जीव तोडून शिकवत होते. जामसंड्याहून, दुसऱ्या तालुक्यातून, दोघे मास्तर नुसते बघायला आले आणि एकेक पाठ घेऊन गेले. ख्रिस्ती मास्तरांनी तर इतके दिवस घेतले की बाई म्हणाल्या, "तुमची शाळा खंय आसा काय नाय?"

"आसा ना," ते म्हणाले. "पण थयसर माझ्या चुका काढूक कोण नाय."

मेमो आले. सगळ्यांना एकच प्रश्न: हे कोणाच्या सांगण्यावरून? उत्तर काय द्यायचे यावर मी आणि मोठे मास्तर भांडलो. तोडगा माझा, नाव माझे जाऊ दे, असे मी म्हणत होतो.

"संघाचो अध्यक्ष कोण?" त्यांनी विचारले.

"तुम्ही."

"मगे गप रव."

"मास्तर, तुमच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले आहेत."

"म्हणानच. माझां काय जातला? तुझां अख्खा आयुष्य हातात आसा तेंच्या."

सगळ्या उत्तरांत त्यांचेच नाव गेले. त्यांचा हिशेब चुकला. त्यांना घाटाच्या पायथ्याशी पाठवले, दम्याच्या माणसाला, थंडीच्या तोंडावर. नकार देऊन रजेवर बसता आले असते. मी तसे सुचवलेही. ते म्हणाले, त्या शाळेवर मास्तर नाही, ती बंद पडेल. पहिले वाक्य. बायकोला मालवणात ठेवून ते एकटेच गेले. पौषात तिथेच दमा उसळला आणि एका सकाळी, शाळेला जायची तयारी करताना, ते गेले. आम्ही पोचेपर्यंत दुपार झाली होती. एकटे पडू द्यायचे नाही, हे आमचे दुसरे वाक्य होते.

बाईंची शाळा उघडली. ते साहेब बदलून गेले, पुढे जिल्हा परिषद आली, आणि मांगरात वर्ग चालतो आहे ही गोष्ट इतकी सर्वांना माहीत झाली होती की कुलूप ठेवणाऱ्यालाच लाज वाटू लागली. बाई कामावर परत आल्या. 'स्थानिक परिस्थितीनुसार वेळ' असे शब्द परवानगीत आले. त्या शाळेतून शिकलेली मुलगी आज दुसऱ्या गावी मास्तरीण आहे आणि आमच्या संघाची सभासद आहे. बाजारातले लोक हे सांगत नाहीत.

मोठ्या मास्तरांच्या पत्नीकडे, काकींकडे, मी वर्षातून काही वेळा जातो. त्या चहा देतात, सुपारी देतात. मास्तरांचा विषय आम्ही दोघेही टाळत होतो. गेल्या शिमग्यानंतर गेलो तेव्हा त्या पडवीत कोकमे वाळत घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एक विचारतंय. खरां सांगशात?"

"विचारा काकी."

"परत तशीच येळ इली, तर तसांच करशात?"

मी त्यांच्यासमोर 'नाही' म्हणू शकलो असतो. तेवढे त्यांचे देणे होते, असे वाटते. पण तीन वाक्यांच्या संघात असली उत्तरे देण्याची सवय राहत नाही. मी म्हटले, "लग्नाच्या मुली असलेल्या मास्तरांना सोडीन. मास्तरांच्या आधी माझे नाव लिहीन, ते ओरडले तरी. बाकी सगळे तसेच करीन."

त्यांनी सूप बाजूला ठेवले. लालभडक झालेली बोटे पदराला पुसली.

"तुमी नाय म्हटला असतात," त्या म्हणाल्या, "तर तां तेंका चालला नसता."

मग उठल्या आणि चहा टाकायला आत जाता जाता म्हणाल्या, "माका मात्र चालला असता."

मी चहा पिऊन आलो. पुढच्या रविवारी सभा होती, खाडीवरच्याच शाळेत. पाणी सकाळी भरणार होते. आता गाऱ्हाणे मी घालतो.